मालाच्या कंटेनरातील बिऱ्हाड : उरण-पनवेल पट्ट्यातील एका धंद्याचा इतिहास

जहाजावरून माल आणणाऱ्या पोलादी कंटेनरला दार-खिडक्या कापून त्यात कार्यालय, राहती खोली किंवा चाकांवरचे घर उभे करण्याचा धंदा नवी मुंबईच्या दक्षिणेकडे, उरणपासून कळंबोली-पनवेलपर्यंतच्या पट्ट्यात बंदराच्या पाठोपाठ रुजला. बंदर, लोखंडाचा बाजार आणि बांधकाम चाललेले नवे शहर या तीन गोष्टी इथे एकमेकांना लागून आहेत, आणि या धंद्याला तिन्हींची गरज असते.

कंटेनराचा जन्मच मुळी ट्रेलरमधून झाला. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ५८ पेट्या घेऊन निघाले. माल्कम मॅकलीन या ट्रकमालकाने ट्रेलरची बॉडी चाकांपासून सुटी करून जहाजावर चढवली होती. १९६८पासून या पेट्यांची मापे आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरत गेली. २० फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच ही पेटी मोजणीचे एकक ठरली. तिची आतली जागा सुमारे दीडशे चौरस फूट भरते, म्हणजे चाळीतल्या एका खोलीएवढी. घर म्हणून तिचा विचार पुढे झाला, त्यात या मापाचा वाटा मोठा आहे.

मुंबईच्या जुन्या गोद्या सुट्या मालासाठी बांधलेल्या होत्या आणि शहराच्या दाटीत अडकल्या होत्या. म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे नवे बंदर उभारण्याचे ठरले. त्याआधी, १७ मार्च १९७० रोजी सिडकोची (शहर व औद्योगिक विकास महामंडळाची) स्थापना होऊन नवी मुंबईसाठी जमिनी घेणे सुरू झाले होते. या भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना या लढ्यातून आली. बंदरासाठी शेवा कोळीवाडा मूळ जागेवरून हलवावा लागला. पेट्यांना जागा करून देताना आधी माणसांची घरे उठली, हे या इतिहासातून वगळता येत नाही.

न्हावा-शेवाचे हे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. तिथले पहिले खासगी टर्मिनल १९९९मध्ये चालू झाले. पुढे आणखी टर्मिनले आली आणि २०२४-२५मध्ये या बंदराने वर्षभरात २० फुटी मापाचे ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. जासई, धुतूम, द्रोणागिरी या भागात भातशेती आणि मिठागरांच्या जागी रिकाम्या कंटेनरांची यार्डे पसरली. रस्त्यावर पनवेलच्या एमएच ४६ क्रमांकाच्या ट्रेलरांची रांग नेहमीची झाली.

समुद्रावर दहा-पंधरा वर्षे काढली की कंटेनर थकतो. कोपरे वाकतात, पत्र्याला गंज धरतो आणि दुरुस्तीचा खर्च परवडेनासा होतो. परदेशी कंटेनर भारतात मात्र सरसकट विकता येत नाही. १९९४च्या सीमाशुल्क अधिसूचनेनुसार तो शुल्काशिवाय आत येतो तो सहा महिन्यांत परत बाहेर जाण्याच्या अटीवर. देशातच विकायचा तर शुल्क भरावे लागते. म्हणून खरेदी करणारा पेटीबरोबर तिची कागदपत्रेही तपासून घेतो.

पुढचे काम लोखंडाचे. मुंबईतला लोखंड बाजार शहराबाहेर नेण्यासाठी सिडकोने कळंबोलीत जागा विकसित केली. त्यामुळे चौकोनी पाइप, अँगल, पत्रा आणि वेल्डिंग करणारे कारागीर बंदराच्या वाटेवरच मिळू लागले. पहिली गिऱ्हाइके बांधकाम ठेकेदार होती. अभियंत्यांचे कार्यालय, रखवालदाराची खोली, मजुरांची झोपण्याची जागा यांसाठी ‘पोर्टा केबिन’ लागे आणि काम संपले की ती ट्रेलरवर घालून पुढच्या साइटवर नेता येई.

रूपांतराची खरी कसोटी भिंत कापताना लागते. कंटेनराचा भार चार कोपऱ्यांतल्या खांबांवर असतो. म्हणून जहाजावर एकावर एक थर रचता येतात. पण पन्हाळीदार भिंती हा सांगाडा तिरपा होऊ देत नाहीत. खिडकीसाठी मोठा तुकडा काढला की ती ताकद जाते. त्यामुळे जाणता फॅब्रिकेटर आधी चौकोनी पाइपची चौकट बसवतो आणि मग काच लावतो. जमिनीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. तळाला सुमारे २८ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड असते आणि कीड लागू नये म्हणून त्यावर बहुधा कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. तिची नोंद दारावरच्या धातूच्या पाटीवर सापडते. मुले ज्या जमिनीवर लोळणार, ती नुसती लिनोलियमने झाकून भागत नाही. ते प्लायवुड काढून टाकणे किंवा पक्के लेपबंद करणे हाच सुरक्षित मार्ग.

यानंतर कोकणची हवा. दोन मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा एप्रिल-मेमध्ये भट्टीसारखा तापतो आणि पावसाळ्यात दमट हवेमुळे त्याला घाम फुटतो. आतून ग्लासवूल किंवा पफचा (पॉलियुरेथेन फोमचा) थर देऊन त्यावर प्लाय किंवा पीव्हीसीचे पॅनल लावतात. छतावर थोडे अंतर सोडून उतरते दुसरे छप्पर घातले तर उन्हाचा मारा आणि साचणारे पाणी दोन्ही टळतात. हा उपाय स्वस्त असूनही अनेकदा टाळला जातो, आणि टाळणाऱ्याला वातानुकूलनाचे बिल भरावे लागते.

न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले त्याच वर्षी, ऑगस्ट १९८९मध्ये, फिलिप क्लार्क यांना कंटेनरांपासून राहण्याजोगी इमारत बनवण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट मिळाले. २००१मध्ये लंडनच्या गोदीत ‘कंटेनर सिटी’ उभी राहिली. पुढे आपल्याकडेही शेतघर, उपाहारगृह, रिसॉर्टची खोली अशी मागणी येऊ लागली.

चाकांवरच्या घराची वाट मात्र वेगळी आहे. २० फुटी रिकाम्या कंटेनराचेच वजन दोन टनांहून जास्त असते; कुटुंबाच्या मोटारीमागे तो ओढता येत नाही. त्यामुळे फिरत्या घरासाठी हलक्या सांगाड्याची बॉडी ट्रेलरच्या किंवा व्हॅनच्या चासीवर बांधतात. त्यात पाण्याची टाकी, गॅस, झोपण्याचे फळके यांचे वजन दोन्ही बाजूंना सारखे वाटावे लागते, नाहीतर घाटाच्या वळणावर ट्रेलर झोल खातो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. मालवाहू म्हणून नोंदलेल्या ट्रेलरात बिऱ्हाड थाटायचे तर आधी परिवहन कार्यालयाची मंजुरी हवी. महाराष्ट्र शासनाने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात घडीचा कॅराव्हॅन, तंबू-ट्रेलर आणि कॅम्पर ट्रेलर या प्रकारांचा स्वतंत्र उल्लेख आला आणि अशी वाहने उभी करण्यासाठी पाणी, वीज व सांडपाण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कांची तरतूद झाली.