अस्तुरा येथील सागरी बुरूज

महोत्सवाच्या पुस्तिकेंत परदेशांतील एका बुरुजाची कथा कशाला, असें कोणी वाचक विचारील. इटलींत नेत्तुनो येथें संत मारिया गोरेत्तीच्या समाधीचें दर्शन घेऊन यात्रेकरू बहुधा तसेच रोमला परततात. मी मात्र किनाऱ्याकिनाऱ्यानें आग्नेयेस अस्तुऱ्यास गेलों, आणि जें पाहिलें तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हा प्रदेश इटालियन लष्कराच्या सरावक्षेत्रांत मोडतो. म्हणून परवानगीचा दिवस पाहूनच जावें लागतें.

बुरूज पाण्यांत उभा आहे. एका प्राचीन रोमन वाड्याच्या मत्स्यकुंडाच्या भिंती हाच त्याचा पाया. त्यांवर फ्रांजिपानी सरदारांनीं इ. स. ११९३ च्या सुमारास ही पंचकोनी वास्तु रचिली. भोंवतीं तट, आणि जमिनीशीं संबंध काय तो एका कमानदार पुलाचा. पूल अडविला कीं सारा आधार समुद्राचा! अर्नाळ्याच्या बेटावरील एकाकी बुरूज ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस थोडीबहुत कल्पना येईल.

भय खरेंच होतें. इ. स. ८४६ त सारासेनांनीं रोमवर चालून येऊन संत पेत्राचें मंदिर लुटलें होतें. चांचे येत, गांवें जाळीत, माणसें धरून गुलाम म्हणून विकीत. अशा किनाऱ्यावर पहारेकरी दिवसां धुरानें व रात्रीं जाळानें इशारा देत.

परंतु ह्या बुरुजाचें नांव इतिहासांत राहिलें तें एका पळून आलेल्या मुलामुळें. २३ ऑगस्ट १२६८ रोजीं तालियाकोत्सो येथें पराभूत झालेला राजपुत्र कोनरादीन, वय अवघें सोळा, समुद्रमार्गें निसटावें म्हणून येथें आला. जियोव्हान्नी फ्रांजिपानीनें त्यास धरून आंजूच्या चार्ल्सच्या हवालीं केलें. ह्याच घराण्यावर कोनरादीनच्या आजोबांची, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकची, एके काळीं मर्जी होती! २९ ऑक्टोबर रोजीं नापोलीच्या बाजारचौकांत मुलाचा शिरच्छेद झाला.

येथें आपल्या बाजूची गोष्ट झांकणें मला प्रशस्त वाटत नाहीं. चार्ल्सला इटलींत आणण्यांत पोपांचा हात होता, आणि पोप चौथे क्लेमेंट यांनीं कोनरादीनला बहिष्कृत केलें होतें. राजकारणाचीं कारणें गुरुविद्यालयांत आम्हीं पाठ केलीं. तथापि तो वध न्याय्य होता असें कोणत्याही ग्रंथानें मला पटविलें नाहीं.

१२८६ त सिसिलीच्या आरमारानें अस्तुरा जाळिलें. त्यांत फ्रांजिपानीचा पुत्र मारला गेला. पुढें कोलोन्ना घराण्यानें डागडुजी केली, व १५९४ त पोप आठवे क्लेमेंट यांनीं तें ठिकाण विकत घेतलें. पुलावरून परततांना स्वच्छ पाण्याखालीं त्या मत्स्यकुंडाच्या भिंती अजून दिसत होत्या.