मोटारगाडीतील संदेशवहन-दोषांचे निदान

मोटारगाडीतील एंजिन, ब्रेक, गिअरपेटी इत्यादींचे नियमन करणाऱ्या इलेक्ट्रॉनीय नियंत्रकांमध्ये चालणारी माहितीची देवाणघेवाण खंडित झाल्यास तिचे कारण व स्थान शोधून काढण्याच्या क्रियेस संदेशवहन-दोषनिदान म्हणतात. आवाज, वास व स्पर्श यांवरून यांत्रिक दोष ओळखण्याच्या जुन्या कौशल्याहून ही क्रिया भिन्न आहे; कारण येथे दोष एखाद्या भागात असण्याऐवजी अनेकदा दोन भागांमधील दुव्यात असतो.

इतिहास : १९६७ साली जर्मनीतील बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनीय इंधन-अंतःक्षेपण पद्धती फोक्सवॅगनच्या काही गाड्यांत बसविण्यात आली. तीत कार्ब्युरेटरऐवजी विद्युत् संकेतांनुसार उघडणाऱ्या झडपांतून इंधन फवारले जाई. हा नियंत्रक एकाकी होता. स्वतःतील बिघाडाची नोंद तो ठेवीत नसे. त्यामुळे प्रत्येक तारेतील विद्युत् दाब व रोध मापकाने मोजूनच दोष हुडकावा लागे.

पुढील प्रगतीस चालना मिळाली ती प्रदूषण-नियंत्रणामुळे. अमेरिकेत १९७० साली हवेच्या शुद्धतेविषयीचा कायदा कडक करण्यात आला. उत्सर्जनाच्या मर्यादा पाळण्यासाठी उत्पादकांना सूक्ष्मप्रक्रियकयुक्त नियंत्रक वापरणे भाग पडले. जनरल मोटर्सच्या १९८१ च्या गाड्यांत दोषाचे संकेतांक साठविण्याची सोय होती. ठराविक दोन अग्रे जोडली असता चालकासमोरील दिवा उघडझाप करी. एक उघडझाप, किंचित विराम व नंतर दोन उघडझापा म्हणजे संकेतांक १२. मात्र प्रत्येक कंपनीचे संकेतांक व जोडणीची पद्धत निराळी असे. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या गाड्यांपासून स्वयंनिदान आवश्यक केले, तर १९९६ च्या गाड्यांपासून सर्व अमेरिकेत १६ अग्रांची समान खोबणी व समान संकेतांक सक्तीचे झाले.

दरम्यान नियंत्रकांची संख्या वाढून प्रत्येक संकेतासाठी स्वतंत्र तार नेणे अवघड झाले होते. बॉश कंपनीने १९८३ मध्ये संशोधनास प्रारंभ करून १९८६ साली डिट्रॉइट येथे ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ (संक्षेपाने ‘कॅन’) ही पद्धती मांडली. १९९१ साली ती मर्सिडीझ-बेंझच्या मोठ्या गाड्यांत आली, तर १९९३ साली तिचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले.

कार्य व निदान : कॅन पद्धतीत परस्परांभोवती पिळलेल्या दोन तारांवर सर्व नियंत्रक जोडलेले असतात. द्रुतगती मार्गावर विश्रांत अवस्थेत दोन्ही तारांवर सु. २·५ व्होल्ट दाब असतो. संदेश जाताना एकीवर तो सु. ३·५ पर्यंत चढतो, तर दुसरीवर सु. १·५ पर्यंत उतरतो. मार्गाच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असतो. म्हणून विद्युत् घटमाला विलग करून दोन तारांमधील रोध मोजल्यास तो सु. ६० ओहम यावयास हवा. तो १२० ओहम आल्यास एक रोधक वा तार तुटलेली असते. शून्याच्या आसपास आल्यास दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या असतात. काही गाड्यांत निदान-खोबणी व मुख्य मार्ग यांच्यामध्ये वेगळा नियंत्रक असतो. तेथे हे मापन मुख्य मार्गावरच करावे लागते.

संदेश पाठविताना वारंवार चुका होऊ लागल्यास नियंत्रक मार्गापासून आपण होऊन अलग होतो व मौन धारण करतो. त्याच्या संदेशाची वाट पाहणारे इतर नियंत्रक तेव्हा ‘यू’ अक्षराने आरंभ होणारे संकेतांक नोंदवितात. उदा., ‘यू ०१००’ म्हणजे एंजिन-नियंत्रकाशी संपर्क तुटला. निदानातील महत्त्वाची मेख येथेच आहे. संकेतांक तक्रार करणाऱ्याकडे सापडतो, दोष मात्र अन्यत्र असतो. शिवाय जो मौन झाला तो बिघडलेलाच असतो असेही नाही. त्याचा वीजपुरवठा वा भूयोजन तुटले असेल, जोडणीत गंज चढला असेल किंवा घटमाला क्षीण झाली असेल. यास्तव प्रथम घटमाला, वितळतार व भूयोजन, नंतर जोडण्या व तारा, आणि सर्वांत शेवटी नियंत्रक तपासावा. हा क्रम उलटला तर सुस्थितीतील महागडा नियंत्रक बदलूनही दोष तसाच राहतो व भुर्दंड गाडीमालकास सोसावा लागतो.

भारतातील स्थिती : भारतात ‘भारत स्टेज ४’ मानकांसोबत स्वयंनिदानाचा पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून व दुसरा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. वाहनांच्या प्रमाणीकरण-चाचण्या घेणाऱ्या संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही पुण्यात आहे. खोबणी समान झाली, तरी उत्सर्जनाशी संबंध नसलेल्या नियंत्रकांची माहिती बव्हंशी उत्पादकांच्याच हाती राहिली. सुटे भाग, तांत्रिक माहिती व निदान-उपकरणे स्वतंत्र कारागिरांना खुली न ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार-उत्पादकांना दोषी ठरवून दंड केला. दोष शोधण्याचे तंत्र कितीही प्रगत झाले, तरी नियंत्रकांची नोंद वाचण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नावरच लहान कार्यशाळांची उपजीविका व ग्राहकाचा दुरुस्ती-खर्च अवलंबून असतो, हे या निर्णयाने स्पष्ट झाले.