कुलूप तुटलं नव्हतं

गेल्या जूनमधली गोष्ट. मी तालुक्याच्या गावात पत्रकारिता करतो. मुलगी पुण्यात शिकते, बिबवेवाडीत तीन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. एका दुपारी तिचा फोन आला. "बाबा, लॅपटॉप गेला. कपाटातले पैसेपण गेले. पण दार नीट बंद होतं." मिळेल ती एसटी पकडली, स्वारगेटला उतरलो, तिथून रिक्षा.

तक्रार लिहून घेणाऱ्या माणसाने विचारलं, "कुलूप तुटलेलं नाही, कडी उचकटलेली नाही, मग घरफोडी कशी म्हणायची?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर डिप्लोमाच्या वेळी घेतलेलं भारतीय दंड संहितेचं पुस्तक माळ्यावरून काढलं. १८६० चा कायदा, कलम ४४५, घरफोडीची व्याख्या. तिथे एक उदाहरणच दिलंय. एखाद्याची हरवलेली किल्ली दुसऱ्याला सापडली आणि त्या किल्लीने दार उघडून तो गुन्हा करायला आत शिरला, तर ती घरफोडीच. आताच्या भारतीय न्याय संहितेतही ही व्याख्या कायम आहे. म्हणजे खऱ्या किल्लीनेही घर फोडता येतं, हे कायद्याला दीडशे वर्षांपूर्वीच माहीत होतं. माहीत नव्हतं ते आपल्याला.

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डाच्या बाजूला फूटपाथवर बसणाऱ्या एका चावीवाल्याला ती किल्ली दाखवली. त्याने अंगठा फिरवला आणि म्हणाला, "साहेब, ही मूळ चावी नाही. कॉपीची कॉपी आहे. दाते बघा, कसे गोल झालेत." मग आम्ही मोजायला बसलो. पाच वर्षांत भाडेकरूंच्या तीन बॅचेस. एजंट. घरमालक. कामवाल्या मावशी. सुट्टीत गावी जाताना शेजारी ठेवलेली एक. दहाच्या पुढे आम्ही मोजणं सोडून दिलं. पाच वर्षांत माणसं बदलली, करारनामे बदलले, कुलूप तेच.

तेव्हापासून कुलपांच्या इतिहासाचा नाद लागला. जे सापडलं ते सांगतो, कारण आपला प्रश्न जगाने फार आधी सोडवायला घेतला होता.

इंग्लंडमध्ये जेरेमाया चब याने १८१८ साली एक कुलूप बनवलं. चुकीच्या किल्लीने किंवा तारेने आतला लिव्हर जरा जास्त उचलला गेला की तो अडकून बसायचा. मालकाने आपली किल्ली लावली की त्याला कळायचं, कुणीतरी हात घातलाय. लंडनच्या पिकॅडिलीत ब्रामा कंपनीने तर दुकानाच्या काचेत कुलूप टांगून आव्हान दिलं होतं, उघडून दाखवा आणि २०० गिनी घेऊन जा. ते वर्षानुवर्षं तिथेच टांगलेलं होतं. मग १८५१ साली लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं आणि अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्स नावाचा कुलूपवाला आला. चबचं कुलूप त्याने साक्षीदारांसमोर २५ मिनिटांत उघडलं आणि परत लावूनही दाखवलं. ब्रामाच्या कुलपाला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण उघडलं.

लंडनमध्ये खळबळ उडाली. या गोष्टी चारचौघांत सांगितल्या तर चोरांना शिकवणीच मिळेल, असा ओरडा झाला. हॉब्सचं म्हणणं सरळ होतं. चोराला त्याचा धंदा आपल्यापेक्षा आधीपासून कळतो. दोष झाकला तर अंधारात राहतो तो फक्त गिऱ्हाईक. हॉब्सनंतर कारखान्यांना कुलपं सुधारावी लागली, एवढं खरं.

आता आपल्या मुंबईत येऊ. अर्देशीर गोदरेज हे पेशाने वकील. एका खटल्यासाठी झांजिबारला गेले आणि वकिली सोडून परत आले. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. गिऱ्हाईक असलेली इंग्रज कंपनी म्हणाली, त्यावर हिंदुस्थानात बनवल्याचा शिक्का नको. अर्देशीर अडून बसले आणि धंदा बुडाला. त्यानंतर पेपरात मुंबईतल्या वाढत्या घरफोड्यांची बातमी त्यांच्या वाचनात आली, आणि १८९७ साली लालबागला, गॅस कंपनीच्या शेजारी, एका शेडमध्ये त्यांनी कुलपांचा कारखाना काढला. बातमी वाचून माणूस पान उलटतो. यांनी कारखाना काढला. बातमीदार म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं.

त्यांच्या सुरुवातीच्या कुलपांतलं एक मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याचं नाव गॉर्डियन. त्याच्यासोबत दोन किल्ल्या मिळायच्या. कुलूप दोन्हींनी उघडायचं, लागायचं. पण दुसऱ्या किल्लीत आणखी एक ताकद होती. तिने कुलपाची आतली रचनाच बदलता यायची, आणि मग पहिली किल्ली निकामी व्हायची. विचार करा. नोकर सोडून गेला, किल्ली हरवली, भागीदाराशी बिनसलं, तर दार फोडायला नको की नवं कुलूप आणायला नको. मालकाने आपली किल्ली फिरवली, विषय संपला. चोराने तार घालून कुलूप उघडू नये, ही काळजी सगळेच कारखाने घेत होते. एकदा दिलेली किल्ली परत कशी घ्यायची, याचं उत्तर मात्र या कुलपात होतं.

हाच प्रश्न पुढे अमेरिकेत सिएटलमध्ये शाळेच्या इमारतीची देखभाल पाहणाऱ्या फ्रँक बेस्टला पडला. शेकडो दारं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. एक किल्ली हरवली की कुलूप खोलून काढा. १९२० च्या आसपास त्याने तोड काढली. कुलपाचं शरीर दारातच ठेवायचं, किल्ली जिथे जाते तो गाभा तेवढा काढता-घालता यायला हवा. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा छोटासा गाभा. एक खास किल्ली लावून थोडी फिरवली की अख्खा गाभा हातात येतो. दुसरा बसवा, दार नवं झालं. काम काही सेकंदांचं. विद्यापीठं, इस्पितळं, सरकारी इमारती यांनी ही पद्धत उचलली.

हे कुलूप तारेने उघडणंही अवघड. साध्या पिनांच्या कुलपात सगळ्या पिना एका रेषेत आल्या की गाभा फिरतो. इथे रेषा दोन. एका रेषेवर कुलूप उघडतं, दुसरीवर गाभा सुटतो. हात घालणाऱ्याच्या चार पिना एका रेषेवर बसतात, दोन दुसरीवर, आणि काहीच हलत नाही. पण हॉब्सची जात संपलेली नव्हती. कुलपांच्या जाणकारांनी त्या दुसऱ्या रेषेवरच जोर देणारं खास हत्यार बनवलं.

त्याहून मोठा दोष हत्याराचा नव्हताच. गाभा काढणारी ती खास किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती अख्खी इमारत. म्हणतात ना, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. २००३ साली मॅट ब्लेझ या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की, मास्टर किल्लीच्या व्यवस्थेत एका दाराची साधी किल्ली आणि ते दार हाताशी असलं, तरी त्यावरून मास्टर किल्ली शोधून काढता येते. आणि ही गोष्ट कुलूपवाल्या मंडळींना आधीपासून ठाऊक होती. इमारतींना सांगितली नव्हती, इतकंच. ब्लेझवर ओरडा झाला तो १८५१ सारखाच.

इतिहास वाचून मला एवढंच कळलं. कुलूप किती लिव्हरचं, हे आपण दुकानात आवर्जून विचारतो. त्याच्या किल्ल्या किती आणि कुणाकडे, हे घरात राहायला लागल्यावर कुणीच विचारत नाही. अप्परपासून गंगाधामपर्यंत किती फ्लॅट विद्यार्थ्यांना, नोकरदारांना भाड्याने दिलेले आहेत! अकरा महिन्यांचा करार संपतो, नवी माणसं येतात, किल्ली मात्र जुन्यांच्या ड्रॉवरमध्ये तशीच पडून असते.

कुणालाही चोर ठरवायचं नाही मला. ज्या दहा-बारा जणांची नावं आम्ही मोजली, त्यातले बहुतेक सज्जनच असणार. गोची तीच आहे. दहा जणांकडे किल्ली असली की एकाने केलेल्या कामाचा संशय दहांवर जातो, आणि सगळ्यात आधी जातो तो कामवाल्या मावशींवर. आमच्याकडेही तेच झालं. तीन दिवस त्या माउलीने मान वर केली नाही. ते आठवलं की लॅपटॉपपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटतं.

म्हणून सांगतो. भाडेकरू बदलला की दाराचा सिलिंडर बदला. अख्खं लॅच बदलावं लागत नाही, आमचं काम सातशे रुपयांत झालं. किती किल्ल्या दिल्या, ते करारनाम्यात लिहा आणि जाताना मोजून घ्या. सोसायटीच्या ऑफिसात फ्लॅटच्या किल्ल्या ठेवत असाल तर कुणी कधी नेली त्याची वही ठेवा. आणि घरमालकांनो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे घर बघायला यायचा तुम्हाला हक्क आहे, पण आधी सूचना देऊन आणि रास्त वेळी. आपल्याकडे किल्ली आहे म्हणून कधीही यायचं, असं नाही.

लॅपटॉप अजून मिळालेला नाही. नव्या सिलिंडरच्या चार किल्ल्या आहेत, चार मुलींकडे. पाचवी कुणी मागितली तर आधी कारण विचारायचं, असं चौघींनी ठरवलंय.

तुमच्या दाराच्या किल्ल्या किती आहेत? आज मोजून बघा, आणि आकडा खाली लिहू नका.