डॉ. खानोलकरांचे शोधनिबंध : मोजदाद आणि मोल

कल्याणहून भिवंडीकडे निघाले की दुर्गाडीचा पूल ओलांडल्यावर कोन लागते. तळहातावर तंबाखू-चुना मळणारा माणूस या रस्त्यावर कोणालाही वेगळा वाटत नाही. अशा सवयीच्या कृतीकडे अभ्यासविषय म्हणून पाहणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

खानोलकरांनी १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी घेतली. मुंबईत अध्यापन केल्यावर ते परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे संचालक झाले. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते. गिरणगावातील या रुग्णालयात अनेक जातिधर्मांचे आणि प्रांतांचे रुग्ण येत. त्यांच्या नोंदी हेच खानोलकरांच्या संशोधनाचे साहित्य ठरले.

१९४४ साली ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात त्यांचा मुंबईतील मुखकर्करोगावरील निबंध आला. त्याचा आधार होता ओळीने आलेल्या एक हजार रुग्णांचा. निवडक उदाहरणे न घेता आले तसे रुग्ण घेणे, ही त्या निबंधाची शिस्त. पुढच्याच वर्षी बी. सूर्याबाई यांच्यासमवेत लिहिलेल्या निबंधाने कर्करोगाचा संबंध ‘चालीरीतीं’शी जोडला. खालच्या ओठाआड खैनी धरून ठेवणाऱ्यांच्या ओठाचा कर्करोग आणि धोतराची गाठ कमरेवर वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने तेथील त्वचेला होणारा कर्करोग यांची तेथे नोंद आहे. शरीराचा रोग समजून घ्यायचा तर माणूस काय नेसतो, काय चघळतो हे विचारावे लागते, हा त्यामागील विचार आजही ताजा वाटतो.

१९५० साली डॉल आणि हिल यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. १९५५ साली त्याच नियतकालिकात संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तंबाखू चघळणे आणि ओढणे यांचे परिणाम मुख-घशाच्या वेगवेगळ्या भागांवर होतात, हे त्यांनी तुलनेने दाखविले. चघळण्याचा संबंध मुखाशी अधिक, तर ओढण्याचा जिभेच्या मुळाशी आणि घशाशी. पाश्चात्त्य प्रश्न येथे केवळ अनुवादित झाला नव्हता. मुंबईच्या जीवनातून तो नव्याने विचारला गेला होता.

खानोलकरांच्या नावावर शंभराहून अधिक शोधनिबंध आहेत. पण या संख्येतून काय कळते? विज्ञानातील संदर्भांची गार्फील्डकृत सूची १९६४ साली प्रसिद्ध होऊ लागली आणि हिर्शचा एच-निर्देशांक आला २००५ साली. वरील निबंध या मापांच्या पूर्वीचे आहेत. शिवाय प्रभाव केवळ संदर्भांत मावत नाही. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, त्यामागे खानोलकर होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. मिळविणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांनी पुढे या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या संस्थापकांतही त्या होत्या. शिष्यांची ही परंपरा कोणत्या रकान्यात लिहावी?

याचा अर्थ त्यांचे सारेच कार्य निर्विवाद होते, असा नाही. कुष्ठरोग्याच्या ऊतींतून त्यांच्या केंद्रात वाढविलेला जिवाणू हाच कुष्ठरोगाचा जिवाणू, हा दावा पुढे मान्य झाला नाही; कुष्ठजिवाणू कृत्रिम माध्यमात आजवर वाढविता आलेला नाही. तरीही त्या जिवाणूपासून लस करण्याचे प्रयत्न झाले. चुकलेला निष्कर्षही पुढील संशोधनाला कामी येऊ शकतो. संदर्भांची बेरीज मात्र स्वीकार आणि खंडन यांत भेद करीत नाही.

२०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकन आणले, तेव्हा साहित्याच्या अध्यापकांनाही निबंध मोजण्याची सवय लागली. अशा वेळी खानोलकरांचे निबंध वाचावेत. कोणता प्रश्न विचारला, कोणाच्या जगण्यातून विचारला आणि त्यावर पुढे कोणी काम केले, या तीन कसोट्या त्यांतून हाती येतात. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. १९४४च्या त्या हजार नोंदींपासून तेथवर अडुसष्ट वर्षे लागली. इतका दीर्घ प्रवास कोणत्याही वार्षिक अहवालात दिसणे शक्य नव्हते.