‘आमच्यासुद्धा’: केडगावचे १९०५ सालचे उज्जीवन



लष्करच्या दाना ओलीत आणि आसपासच्या गल्ल्यांत आमची मराठी ख्रिस्ती घरे थोडीच. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, प्रार्थनेत दोन्हींची सरमिसळ. एवढ्या लहान मंडळीतही एक विषय फिरून फिरून निघतो: यंदा उज्जीवन सभा घ्यायच्या का? मग मंडप, ध्वनिक्षेपक, बाहेरगावचे वक्ते, वर्गणी असे बोलणे लांबत जाते. सभांना आमचा विरोध नाही. पण उज्जीवन म्हणजे देवाजवळ नेमके काय मागायचे, हे ठरवण्याआधी आपल्याच भाषेत घडलेल्या एका उज्जीवनाचा इतिहास नीट पाहावा असे आम्हांला वाटते. ते घडले पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावात, १९०५ साली, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात.

ही हकीकत बहुतेक जण २९ जूनच्या पहाटेपासून सांगतात. आम्ही बरेच मागे जातो, कारण त्या पहाटेचे मूळ मागेच आहे.

रमाबाई शास्त्री घराण्यातल्या. लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा, पुराणे तोंडपाठ, दुष्काळात आईवडील गमावलेले. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले तेव्हा त्या अवघ्या विशीच्या होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले, पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. लोकांनी नावे ठेवली, हितचिंतकही दूर झाले, काम मात्र थांबले नाही. अशा बाईंनी आपल्या साक्षीत स्पष्ट लिहून ठेवले आहे की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. त्या सुमारास त्यांच्या वाचनात विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र आले. हे गृहस्थ पाळक असूनही त्यांचे खरे परिवर्तन व्हायचे होते, आणि ते झाले कधी, तर व्यासपीठावर उभे राहून स्वतःच उपदेश करताना! धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या आम्हां लोकांनी हा प्रसंग वर्षातून एकदा तरी आठवावा असा आहे.

पुढे लोणावळ्याच्या एका मेळाव्याला रमाबाई विश्वासात आलेल्या आपल्या पंधरा मुली घेऊन गेल्या. एका पहाटे एकांतात बसून त्यांनी या पंधरांचा वर्ग, म्हणजे दोनशे पंचवीस मुली, प्रभूजवळ मागितल्या. त्यानंतर काही महिन्यांतच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली व बायका गोळा करून आणू लागल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते म्हणून या मुलींना केडगावच्या माळावर आणले. मुक्ती सदन उभे राहिले ते असे. दुष्काळ देवाने प्रार्थनेचे उत्तर म्हणून धाडला, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांला मान्य नाही. उत्तर होते ते त्या मुलींना घर देणाऱ्या हातांत. पाठोपाठ १९०० साली गुजरातचा दुष्काळ आला आणि मुक्तीतली संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. धान्य दळणे, विहिरी खणणे, शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्यांसाठी ब्रेल, रोजची शाळा: उज्जीवन आले ते अशा कामाने गजबजलेल्या अंगणात.

रमाबाईंची तळमळ मात्र तेवढ्यावर शमत नव्हती. हजार-दीड हजार जणी रोज उपासनेला बसतात, गीते गातात, वचने पाठ म्हणतात, पण हृदय बदलले आहे का? १८९८ साली इंग्लंडात केझिकच्या मेळाव्यात त्यांनी भारतासाठी पवित्र आत्म्याच्या वर्षावाची प्रार्थना करायला सर्वांना विनवले. १९०३ मध्ये कन्या मनोरमाबाई आणि सहकारी मिनी एब्रम्स यांना ऑस्ट्रेलियात पाठवले, कारण तेथे घरोघरच्या प्रार्थनामंडळांतून मोठे उज्जीवन झाल्याचे कानावर आले होते. १९०४ मध्ये वेल्समध्ये जागृती झाली. १९०५ च्या आरंभी आपल्याकडच्या खासी टेकड्यांतल्या मंडळ्यांतही तीच चाहूल लागली.

आणि १९०५ च्या जानेवारीत केडगावात रोज सकाळी प्रार्थनेला बसायला सुरुवात झाली. आरंभी सुमारे सत्तर जणी. त्यांनी मागितले काय, हे रमाबाईंनीच नोंदले आहे: भारतातल्या सर्व ख्रिस्ती लोकांचे खरे परिवर्तन व्हावे, ‘आमच्यासुद्धा’, आणि सर्व देशांतल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा. शेजाऱ्यांचे, गावाचे, सरकारचे परिवर्तन ही पहिली मागणी नव्हती. उपासनेला बसणाऱ्यांचे परिवर्तन ही होती. त्यातले ‘आमच्यासुद्धा’ काढून टाकले तर बाकीची प्रार्थना कोणत्याही मंडळीत रोज होतच असते.

सहा महिने असेच गेले. संख्या वाढत वाढत साडेपाचशेपर्यंत पोचली. २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास एक मुलगी जागी झाली. आपल्यावर अग्नी उतरला आहे असे तिला वाटत होते. तिला पाहून दुसरी इतकी घाबरली की पाण्याची बादली आणायला धावली, आणि ओतणार तोच तिच्या लक्षात आले, आग कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या शांत स्वरात योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत होत्या. बोलता बोलता सगळा मेळा मोठ्याने प्रार्थना करू लागला आणि त्यांना बोलणे थांबवावे लागले. शाळेचे धडे बाजूला राहिले. मुली रडत होत्या, पाप कबूल करत होत्या: चोरलेल्या वस्तू, खोटे बोलणे, मनात धरलेले वैर.

बादलीची गोष्ट सगळ्यांना आवडते. कबुलीची गोष्ट सांगताना मात्र आपण घाई करतो. खरे तर मंडळीचे रूप बदलते ते तिथेच. कोणत्याही गावची मंडळी घ्या. जमिनीच्या वाटणीवरून बोलणे टाकलेले दोन सख्खे भाऊ, पंचकमिटीच्या निवडणुकीपासून एकमेकींकडे न पाहणाऱ्या दोन बाया, आणि सगळे एकाच प्रभुभोजनाला येतात. ध्वनिक्षेपक कितीही मोठा लावला तरी त्या दोन भावांमधले अंतर तेवढेच राहते.

या उज्जीवनावर टीकाही झाली. एकाच वेळी शेकडो जणींनी मोठ्याने प्रार्थना करणे, रडणे, थरथरणे हे पुष्कळ मिशनऱ्यांना रुचले नाही. त्यांना उपासनेची घडी इंग्लंड-अमेरिकेसारखी हवी होती. रमाबाईंची वृत्ती विद्वानाची, संयमी. तरी त्यांनी मुलींना गप्प बसवले नाही. भारतीयांमधले उज्जीवन भारतीयांच्या स्वभावाला साजेल असेच येईल, पाश्चात्त्यांच्या साच्यात ते बसवू नये, असे त्यांनी मुक्तीच्या पत्रिकेत छापले. गलका म्हणजेच आत्मा, असेही त्यांचे म्हणणे नव्हते. त्या फळ पाहत होत्या. ते फळ म्हणजे मुलींच्या टोळ्या. दुष्काळात मरणाच्या दारातून आणलेल्या या पोरी आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. ती त्यांच्या जुन्या मैत्रिणीच्या हाती थेट दक्षिण अमेरिकेत चिलीमध्ये पोचली, आणि १९०९ साली तेथल्या वालपाराइसोच्या मेथडिस्ट मंडळीत जे उज्जीवन झाले त्याला तिने चालना दिली. केडगावहून चिली! आणि आपल्यातली किती मुले केडगावचे नाव सांगू शकतील?

रमाबाई स्वतः त्या काळात आणखी एका कामाला बसल्या होत्या, आणि आमच्या मते ते या उज्जीवनापासून वेगळे काढता येत नाही. चालू मराठी बायबलाची भाषा संस्कृतप्रचुर, साध्या बायांना न कळणारी, असे त्यांना वाटे. म्हणून पन्नाशीकडे झुकलेल्या या पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. वाचक डोळ्यांसमोर ठेवला तो केडगावात येऊन पहिल्यांदा पाटी हातात धरलेल्या बाईचा. मूळ शब्दाला धरून राहण्याच्या हट्टामुळे तिची वाक्ये कधी कधी खडबडीत होतात, आणि मंडळ्यांच्या व्यासपीठांवर ते भाषांतर फारसे आलेच नाही. तरी हिंदी शास्त्र वाचणाऱ्या आमच्या ग्वाल्हेरच्या मुलांपुढे त्यातला एखादा उतारा ठेवून पाहावा, असे आमच्या मनात आहे.

हे काम सुमारे सतरा-अठरा वर्षे चालले. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई गेल्या. एकुलती एक मुलगी गेल्यावरही रमाबाईंनी मुद्रिते तपासणे सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूमध्ये झोपी गेल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. मुक्तीच्याच छापखान्यात, दुष्काळातून वाचून खिळे जुळवायला शिकलेल्या बायांच्या हातांनी, ते १९२४ मध्ये छापून बाहेर पडले.