डब्ल्यूडब्ल्यूईत मॅच जिंकल्याचे पैसे मिळत नाहीत, मग रेसलर कोट्यधीश होतात कसे?

नव्वदच्या दशकात शाळेत जाणाऱ्या पोरांच्या दप्तरात एक गोष्ट हमखास सापडायची, ती म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते. अंडरटेकरची उंची किती, योकोझुनाचं वजन किती, कुणाची छाती किती इंच, हे सगळं पाढ्यांपेक्षा जास्त पाठ असायचं. पत्त्यावर रँकसुद्धा छापलेली असायची. फक्त एक आकडा नसायचा, तो म्हणजे या गड्याला पैसे किती मिळतात.

पुढे मोठं झाल्यावर समजतं की या मॅचेसचा निकाल आधीच ठरलेला असतो. आपल्याकडे जत्रेच्या फडात जो समोरच्याला चितपट करतो, तो इनाम घेऊन जातो. पण कोण जिंकणार हे जर आधीच लिहून ठेवलेलं असेल, तर पैसे नेमके कशाचे मिळतात?

याचं थोडक्यात उत्तर म्हणजे, लोक कुणाला बघायला येतात, याचे.

पट्टा म्हणजे बक्षीस नाही, बढती आहे

निकाल ठरलेला असतो, हे कंपनीने स्वतःच कबूल केलेलं आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे व्हिन्स मॅकमहनच्या कंपनीने सांगितलं की आमची रेसलिंग हा खेळ नाही, मनोरंजन आहे. कारण सरळ होतं. खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा आयोगाचे नियम आणि कर मागे लागत होते. मनोरंजन म्हटलं की त्यातून सुटका होणार होती.

त्यामुळे चॅम्पियनशिपचा पट्टा जिंकला म्हणून बक्षिसाची रक्कम मिळते, असं इथं काही नसतं. पण पट्टा ज्याच्याकडे असतो तो पोस्टरवर झळकतो, शेवटची मोठी मॅच खेळतो आणि त्याच्या नावाचे टी-शर्ट जास्त खपतात. कंपनीने पट्टा दिला याचा अर्थ 'हा माणूस तिकिटं विकू शकतो' असा कंपनीचा विश्वास आहे. पैसा त्या विश्वासामागून येतो.

'डाऊनसाइड गॅरंटी' म्हणजे काय?

रेसलरच्या करारात एक रक्कम लिहिलेली असते. तिला म्हणतात डाऊनसाइड गॅरंटी. म्हणजे वर्षभरात काहीही झालं तरी एवढे पैसे मिळणारच. शो चांगले चालले, माल खपला तर कमाई त्याच्या वर जाते. खाली जात नाही.

हे आकडे सहसा बाहेर येत नाहीत. पण ट्रिपल एच हा रेसलर असतानाच कंपनीचा मोठा अधिकारीही झाला. कंपनी शेअर बाजारात होती, त्यामुळे तिच्या अधिकाऱ्यांची कमाई जाहीर करावी लागायची. त्यातून समजलं की अधिकाऱ्याच्या पगाराशिवाय रिंगमध्ये उतरण्यासाठी त्याचा वेगळा करार होता आणि त्यात वर्षाला १० लाख डॉलरची गॅरंटी होती.

ही गॅरंटी पूर्वी नव्हती. ऐंशीच्या दशकात शोला किती गर्दी झाली, त्यावर पैसे ठरायचे. त्या रात्री तुझा वाटा किती, हे कंपनी सांगणार आणि रेसलर घेणार. चित्र बदललं ते स्पर्धेमुळे. टेड टर्नरच्या डब्ल्यूसीडब्ल्यूने पक्क्या रकमेचे करार द्यायला सुरुवात केली. १९९४ मध्ये हल्क होगन तिकडे गेला. १९९६ मध्ये स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश गेले. माणसं टिकवायची तर आपल्यालाही गॅरंटी द्यावी लागेल, हे मॅकमहनच्या लक्षात आलं.

त्याच वर्षी ब्रेट हार्टला त्याने तब्बल २० वर्षांचा करार दिला. वर्षभरातच कंपनीला तो झेपेनासा झाला आणि मॅकमहननेच ब्रेटला डब्ल्यूसीडब्ल्यूत जायला सांगितलं. जाण्याआधी ९ नोव्हेंबर १९९७ रोजी मॉन्ट्रियलमध्ये त्याला न सांगता निकाल बदलण्यात आला आणि त्याचा पट्टा काढून घेतला. रेसलिंगमधला सगळ्यात गाजलेला दगा म्हणून ज्याची गोष्ट सांगतात, त्याच्या मुळाशी न झेपलेला पगार होता.

२००१ मध्ये मॅकमहनने डब्ल्यूसीडब्ल्यूच विकत घेतली. आता रुसून जायला दुसरं घर उरलं नाही. मोठ्या पैशाची दुसरी कंपनी उभी राहायला २०१९ उजाडावं लागलं. टोनी खानची एईडब्ल्यू आली आणि करारांचे भाव पुन्हा वाढले.

टी-शर्टची गंमत

जॉन सीना ठराविक काळाने वेगळ्याच रंगाचा टी-शर्ट घालून का यायचा? कधी हिरवा, कधी लाल, कधी निळा, कधी केशरी. सोबत त्याच रंगाची टोपी आणि मनगटावरच्या पट्ट्या. रंग बदलला की पोरांना नवा सेट हवा असायचा.

टी-शर्ट, बाहुल्या, व्हिडिओ गेम यांच्या विक्रीतला ठरलेला वाटा रेसलरला मिळतो. वाटा टक्क्यांत लहान असतो, पण खप मोठा असला की रक्कम मोठी होते. १९९६ च्या किंग ऑफ द रिंगमध्ये स्टीव्ह ऑस्टिनच्या तोंडून 'ऑस्टिन ३:१६' हे शब्द निघाले आणि पुढच्या काही वर्षांत ते लिहिलेला काळा टी-शर्ट अमेरिकेत जिकडेतिकडे दिसू लागला. त्यामुळे रेसलरसाठी एखादा खटकेबाज डायलॉग कधीकधी डझनभर विजयांपेक्षा जास्त किमतीचा असतो.

खरा पैसा टीव्हीचा

पूर्वी रेसलमेनियासारखा मोठा शो घरी बघायचा तर वेगळे पैसे भरावे लागायचे. याला म्हणतात पे-पर-व्ह्यू. किती घरांनी पैसे भरले त्यावर त्या शोमधल्या रेसलरना बोनस मिळायचा. मोठ्या नावांसाठी ही वर्षातली सगळ्यात मोठी कमाई असायची.

फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने स्वतःचं नेटवर्क सुरू केलं आणि महिन्याला ९.९९ डॉलरमध्ये सगळेच शो दाखवायला लागली. प्रेक्षक खूश झाले. पण अमुक एका शोमुळे किती पैसे आले, हेच मोजता येईना. मग त्यातला वाटा कसा मागणार?

दुसरीकडे कंपनीची कमाई वाढत गेली. जानेवारी २०२४ मध्ये नेटफ्लिक्ससोबत १० वर्षांसाठी ५ अब्ज डॉलरहून मोठा करार झाला. त्यावेळच्या दराने ही रक्कम ४१ हजार कोटी रुपयांच्या वर जाते. एप्रिल २०२५ पासून भारतातही डब्ल्यूडब्ल्यूई नेटफ्लिक्सवरच दिसायला लागली.

एनबीएच्या बास्केटबॉलपटूंना लीगच्या बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा करारानेच मिळतो, कारण त्यांची संघटना आहे. रेसलरना अशी ठरलेली वाटणी नाही. ज्याने त्याने आपापला भाव करायचा.

नोकर नाही, कंत्राटदार

ज्यांना आपण डब्ल्यूडब्ल्यूईचे स्टार म्हणतो ते कंपनीचे कर्मचारी नाहीत. कागदावर ते स्वतंत्र कंत्राटदार आहेत.

विमानाचं तिकीट सहसा कंपनी काढते. त्यापुढचं हॉटेल, भाड्याची गाडी, जेवण, जिम हे ज्याचं त्याने बघायचं, अशीच वर्षानुवर्षांची पद्धत होती. कोरोनाच्या आधी कंपनी वर्षाला ३०० च्या वर शो करायची. त्यामुळे दोन-तीन रेसलर मिळून एक गाडी भाड्याने घ्यायचे आणि रात्रभर चालवत पुढचं शहर गाठायचे. मोठ्या स्टारना करारात वेगळी सोय मागता येते. नवख्याला मागता येत नाही.

रिंगमध्ये दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कंपनी करते. पण बाकीचा आरोग्य विमा स्वतःचा. कर्मचारी नसल्यामुळे कंपनीकडून पेन्शन नाही. अमेरिकेत नोकरदाराच्या सामाजिक सुरक्षा कराचा निम्मा भार मालक उचलतो, कंत्राटदाराला तो पूर्ण भरावा लागतो. म्हणजे बातमीत दिसणारा आकडा आणि हातात पडणारा आकडा यात बरंच अंतर असतं.

हे कंत्राट नावापुरतं आहे, आम्ही खरं तर नोकरच आहोत, असं म्हणत २००८ मध्ये रेव्हन आणि आणखी दोन माजी रेसलर कोर्टात गेले. पुढच्याच वर्षी कोर्टाने दावा फेटाळला.

संघटना का झाली नाही?

प्रयत्न झाला होता. १९८६ च्या रेसलमेनिया २ च्या आधी जेसी व्हेंचुराने ड्रेसिंग रूममध्ये विषय काढला की शो तोंडावर आलाय, हीच वेळ आहे, सगळे मिळून संघटना करू. गोष्ट मॅकमहनपर्यंत पोचली आणि विषय तिथंच मिटला. बातमी होगनने पोचवली होती, असं व्हेंचुराने नंतर अनेकदा सांगितलं.

हे त्याला समजलं तेसुद्धा एका खटल्यामुळे. कॉमेंट्री केलेल्या व्हिडिओ कॅसेटच्या विक्रीतला आपला वाटा मिळाला नाही म्हणून त्याने कंपनीवर दावा लावला आणि १९९४ मध्ये सुमारे ८ लाख डॉलर जिंकले. पुढे हाच व्हेंचुरा मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर झाला.

गंमत बघा. खेळ नाही म्हणून खेळाडूंसारखी संघटना नाही. मनोरंजन आहे म्हणावं, तर रिंगमधल्या कामाला हॉलिवूडच्या नटांच्या संघटनेचं छत्र नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने रेसलरना ट्विच आणि कॅमिओसारख्या साइटवरची स्वतःची कमाई बंद करायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये झेलिना वेगाने संघटनेच्या बाजूने ट्विट केलं आणि त्याच दिवशी कंपनीने तिला करारातून मोकळं केल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी ती परत आली. संघटना मात्र आजही नाही.

पत्त्यावरचं नाव कुणाचं?

रेसलरची सगळी कमाई नावावर उभी असते आणि ते नाव बऱ्याचदा कंपनीच्या मालकीचं असतं.

हॉल आणि नॅश निघून गेले तेव्हा त्यांची 'रेझर रेमन' आणि 'डिझेल' ही नावं मागेच राहिली. कंपनीने दुसरीच माणसं त्या नावांनी रिंगमध्ये उतरवली. त्यातला नकली डिझेल म्हणजे ग्लेन जेकब्स, जो पुढे केन म्हणून गाजला. डीन अँब्रोज २०१९ मध्ये एईडब्ल्यूत गेला तो जॉन मॉक्सली या जुन्या नावाने. कोडी ऱ्होड्सची तर कमालच झाली. ऱ्होड्स हे त्याच्या वडिलांनी गाजवलेलं नाव, पण २०१६ मध्ये कंपनी सोडल्यावर काही वर्षं त्याला नुसतं 'कोडी' म्हणून खेळावं लागलं.

म्हणून शहाणा रेसलर रिंगमध्ये कमावलेली ओळख वेळेत बाहेर नेतो. द रॉकने हे वेळेत ओळखलं. २००२ च्या 'द स्कॉर्पियन किंग'साठी त्याला ५५ लाख डॉलर मिळाले, पहिल्यांदाच मुख्य भूमिका करणाऱ्या नटासाठी तो विक्रम होता. बटिस्टा आणि सीना त्याच वाटेने सिनेमात गेले.

जानेवारी २०२४ मध्ये रॉक डब्ल्यूडब्ल्यूईची मालक कंपनी टीकेओच्या संचालक मंडळावर गेला. त्याला ३ कोटी डॉलरचे शेअर मिळाले. सोबत आणखी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे 'द रॉक' या नावाचे हक्क.

हे नाव घेऊन तो पंचवीस वर्षांहून जास्त काळ जगभर ओळखला जात होता. कागदोपत्री ते त्याचं झालं वयाच्या ५१ व्या वर्षी, आणि तेही तो जगातल्या सगळ्यात महागड्या नटांपैकी एक झाल्यावर. दप्तरातल्या पत्त्यांवर छापलेल्या बाकी अनेकांना आपलं नाव असं परत मिळालंच नाही.