जुना गृहसंगणक, नवे जाळे आणि 'वऱ्हाडी' हा शब्द

जुन्या संगणकाची नव्या जाळ्याशी जोडणी हा सामान्यतः तंत्रज्ञांचा विषय मानला जातो. परंतु त्या यंत्रातून बाहेर काढावयाचा मजकूर मराठी असेल, तर तो भाषाभ्यासकाचाही विषय होतो, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

'बीबीसी मायक्रो' हा संगणक केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये घरगुती व शालेय वापरासाठी काढला. भारतातील शाळांत तो १९८४ साली आरंभिलेल्या 'क्लास' या केंद्रीय योजनेद्वारे आला. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइटांची. सर्वसामान्य ग्राहकास आपल्याकडे इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. अर्थात हे जाळे गृहीत धरून ते यंत्र घडविलेले नव्हते, हे उघड आहे.

तथापि जोडणी साधते. यंत्राच्या पाठीमागे एकामागून एक बिट पाठविणारे एक द्वार असते. त्यास लहानसा आधुनिक संगणक मध्यस्थ म्हणून जोडतात. विद्युत्‌दाबाचा मेळ घालणे, बिनतारी जाळ्यात प्रवेश मिळविणे, सांकेतिक कुलुपे उघडणे ही कामे तो मध्यस्थ करतो. जुने यंत्र मात्र दूरध्वनीच्या मोडेमशी बोलावे तसेच त्याच्याशी बोलते.

येथवर दुभाष्याचे काम सोपे आहे. रोमन अक्षरांचे क्रमांक दोन्ही पक्षांस मान्य असल्याने इंग्रजी मजकूर सुखरूप पोहोचतो. देवनागरीचे तसे नाही. बीबीसी मायक्रोमध्ये देवनागरी अक्षर हवे असल्यास वापरणाऱ्याने ते ८ × ८ ठिपक्यांच्या चौकटीत स्वतः घडवावयाचे व त्यास आपल्या सोयीचा क्रमांक द्यावयाचा. तो क्रमांक त्याच्यापुरताच खरा. पुढे कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले आणि १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्र व १९९१ चा 'इस्की' हा भारतीय मानक संकेत यांमुळे काही शिस्त आली. युनिकोडनेही देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरूनच घेतली.

मांडणी घेतली, क्रमांक मात्र बदलले. इस्कीत 'क' चा क्रमांक १७९, तर युनिकोडमध्ये २३२५. शिवाय वाटेतील द्वार आठाऐवजी सातच बिट पाठवीत असेल, तर १७९ मधून १२८ गळतात आणि उरलेला ५१ हा क्रमांक रोमन '3' या अंकाचा असतो. 'क' चा तीन होतो आणि यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही.

याहून सूक्ष्म हानी आपल्या विदर्भाच्या नावाशीच निगडित आहे. 'वऱ्हाडी' या शब्दातील ऱ्ह हा रफाराहून भिन्न आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत तर अर्थच पालटतो. इस्कीत हा भेद 'ऱ' या स्वतंत्र वर्णाने राखला जातो, व युनिकोडने तोच संकेत स्वीकारला आहे. त्यानुसार 'वऱ्हाडी' हा शब्द इस्कीत ७ बाइटांचा, युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात २१ बाइटांचा होतो. परंतु रूपांतराचा तक्ता करणाऱ्याने 'र' आणि 'ऱ' एकच मानले, तर 'वर्हाडी' असे अशुद्ध रूप उमटते, आणि मूळ संचिका नष्ट झाली असल्यास 'दर्या' हा समुद्र की डोंगरांमधील खोलगट भाग, हे त्या शब्दावरून पुन्हा ठरविता येत नाही.

बोलींच्या शब्दसंग्रहात तर संदर्भवाक्येही क्वचितच असतात. तेथे एकेका वर्णाचेच मोल. यास्तव जुन्या यंत्रातून मजकूर काढताना तीन पथ्ये पाळावीत असे सुचवावेसे वाटते. मूळ बाइट जसेच्या तसे प्रथम जतन करावे. रूपांतराचा तक्ता मजकुरासोबत ठेवावा. आणि ज्यांनी आपापले क्रमांक ठरविले, त्या व्यक्ती हयात आहेत तोवर त्यांच्याकडून ती माहिती लिहून घ्यावी. मध्यस्थ यंत्र उद्याही विकत मिळेल. तो तक्ता ज्याच्या स्मरणात आहे, तो मनुष्य मिळेलच असे नाही.